पाचव्या पानाची तिसरी ओळ

कोल्हापूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

शनिवारी संध्याकाळी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मिशन कंपाउंडच्या हॉलमध्ये तुझ्या व्हायोलिनचा कार्यक्रम होता. पियानोच्या साथीला मी होते.

२. सोनाटाच्या तीन भागांपैकी पहिला व्यवस्थित झाला.

३. दुसरा, संथ भाग चालू असताना वीज गेली. तेव्हा आपण पाचव्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर होतो.

४. मला पान दिसेना. मी थांबले.

५. तू थांबली नाहीस.

६. थोड्या वेळाने तू जे वाजवत होतीस ते सोनाटातलं राहिलं नाही. ती दुसरीच चाल होती. मी ती कधी ऐकली नव्हती.

७. चाल संपली आणि दिवे आले. मी पाचव्या पानाच्या तिसऱ्या ओळीपासून पुढे वाजवायला लागले.

८. तू माझ्याकडे पाहिलंस. व्हायोलिन केसमध्ये ठेवलंस आणि बाजूच्या दाराने निघून गेलीस. तिसरा भाग झाला नाही.

यात काही चुकलं असेल तर क्रमांकासह कळव.

तू गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम असाच बसवलेला आहे असं बहुतेकांना वाटलं. पहिल्या रांगेतले एक काका मला म्हणाले, "तुमच्या हॉलचा घुमारा लई भारी हाय हो. अंधारात तर देवळात बसल्यागत वाटलं." मी आभार मानले. श्रेणिक घरी येईपर्यंत हसत होता. "तायडे, निम्म्या कोल्हापूरला वाटतंय, मेन स्विच तूच बंद करायला लावलास." माझा भाऊ आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

तुझा फोन लागत नाही. मेसेजवर एकच टिक दिसते. म्हणून कागदावर लिहिते आहे. गडहिंग्लजच्या घरचा पत्ता तुझ्या हॉस्टेलच्या मॅडमकडून घेतला.

तुझ्या व्हायोलिनचं खांद्याचं पॅड पियानोवर राहिलं आहे. माझ्याकडे सुरक्षित आहे.

त्रिशला


कोल्हापूर
रविवार, १६ फेब्रुवारी

संयोगिता,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं असेल असं धरून चालते.

आज नेहमीच्या वेळी हॉलवर गेले. किल्ली अजून माझ्याकडे आहे. चर्च सुटलं होतं, बाहेर मुलं उसाचे करवे चघळत होती, आत कुणी नव्हतं. दुपारचं ऊन खिडक्यांच्या रंगीत काचांतून फरशीवर आडवं पडतं आणि हळूहळू पियानोच्या पायांपर्यंत सरकतं, हे मी तीन वर्षं पाहते आहे. आज ते पोचेपर्यंत बसून राहिले. काही वाजवलं नाही. झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हाही असंच ऊन होतं. अकरावीत होतीस. शाळेचं व्हायोलिन काखेत धरून दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, "पियानो दुरुस्त करताय व्हय?"

मी म्हटलं, "दुरुस्त नाही. लावतेय. हवेने उतरतो तो."

"मग हवेचं ऐकतोय की बिचारा. चांगलाच हाय."

मी पुढची तार लावायला घेतली. मी तारा लावण्याचं काम स्वतः शिकले, कारण त्यासाठी पुण्याहून माणूस यायचा तो यायचा बंद झाला. माझं रोजचं काम लोखंडाचं आहे, हे तुला माहीत आहे. शिरोलीच्या फौंड्रीत आम्ही कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा तुकडा, साखळीला टांगतो आणि हातोडीने हलकेच ठोकतो. नाद सलग आला तर माल चांगला. बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे. चीर डोळ्यांना दिसत नाही. तू एकदा बघायला आली होतीस, आणि आमच्या फोरमनना विचारलं होतंस, "काका, ह्यातलं सा कुठलं?" ते अजून विचारतात, ती 'सा' विचारणारी पोरगी परत आली नाही का म्हणून.

परवा स्वप्नात ती सगळी कास्टिंग्ज हॉलच्या छताला टांगलेली होती. अंधार होता. कुणी ठोकत नव्हतं, तरी ती एकेक करून वाजत होती, आणि वाजत होती ती तुझी चाल. मी खाली उभी राहून कुठल्या तुकड्यातून कुठला स्वर येतो हे शोधत होते. ते मला सापडेना, आणि स्वप्नात तरी त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. जाग आल्यावर वाटलं.

शनिवारचा अंधारही तसाच होता. हॉल एकदम मोठा झाला. भिंती मागे गेल्या. कुणीतरी मोबाईलचा दिवा लावला आणि मागून आवाज आला, "ए, बंद कर की त्ये!" तो लगेच विझला. त्यानंतर कुणी खोकलंसुद्धा नाही. खिडक्यांच्या जागी बाहेरच्या निळसर उजेडाचे चौकोन तेवढे उरले. तू कुठे उभी आहेस हे मला दिसत नव्हतं. आवाज एका जागेवरून येत नव्हता. तू मागे मागे सरकत होतीस का? मला तसं वाटलं. पाण्यावरून नाव लांब जाते आणि वल्ह्याचा आवाज मात्र जवळच राहतो, तसं काहीतरी.

तू मला नेहमी विचारायचीस, "अक्का, तुमी वाजवताय का मोजताय?" मी सांगायचे, दोन्ही एकच आहे. त्या वेळात मी मोजत नव्हते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या पत्रातल्या चौथ्या क्रमांकातलं "मी थांबले" पुरेसं अचूक नाही. त्याबद्दल नंतर लिहीन.

वारणानगरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण कायम आहे. त्यांच्या शाळेच्या सभागृहात, शनिवार, ५ एप्रिल. आपण दोघींनी जानेवारीत होकार दिला होता. तिथले संगीताचे सर, अनेकांत मगदूम, रोज फोन करतात. त्यांना मी सांगितलं आहे की तू आजारी आहेस. दुसरं काही सुचलं नाही.

त्रिशला


कोल्हापूर
सोमवार, २४ फेब्रुवारी

संयोगिता,

काल मी गडहिंग्लजला आले होते. तुझे वडील म्हणाले की तू घरी नाहीस. जिन्याच्या खालच्या पायरीवर तुझ्या निळ्या चपला होत्या.  तू वर असशील तर खालचं सगळं ऐकलंच असशील, तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

तुमचं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं. वर 'गणपतराव ब्रास बँड' ही पाटी, दोरीवर लाल कोट वाळत घातलेले, त्यांच्या खांद्यांवरच्या सोनेरी झालरी उन्हात हलत होत्या. तुझे वडील ओट्यावर बसून चिंचेच्या कोळाने एक मोठं पितळी वाद्य घासत होते. मला पाहून म्हणाले, "या पावणं. लगीन कवाचं हाय?"

मी म्हटलं, "लग्न नाही. मी त्रिशला. संयोगिताबरोबर पियानो वाजवते."

"आगंबया! पियानोवाल्या बाई व्हय तुमी! बसा की. मला वाटलं, म्हाताऱ्या असशीला. पोरगी अक्का अक्का करत असती." मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. "ती न्हाय हो घरात. भाईर गेलीया." हे म्हणताना त्यांनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घासायला लागले.

 मग तेच म्हणाले, "लाईट गेली म्हनून तुमी थांबला म्हनं."

"पानं दिसत नव्हती."

"आमाला कवा दिसली वो? आमची पोरं वरातीत उलटी चालत वाजवत्यात. मागं गटार हाय का म्हस हाय, त्ये बी कळत न्हाय. मागल्या साली आमचा ट्रंपेट गटारात गेला. ट्रंपेट म्हंजी माणूस. तरी सूर सोडला न्हाय बहाद्दरानं."

मी हसले. खरं तर मला हसायचं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "अंधारात वाजवलं तरी काय तिनं? सांगत न्हाय आमाला. आल्यापासनं त्वांड मिटून बसलीया."

मला चालीचं नाव माहीत नव्हतं. त्यामुळे मी ती गुणगुणून दाखवली. मी कुणासमोर गात नाही, हे तुला माहीत आहे. बाजारपेठेत, रविवारी दुपारी, समोर दोन बायका भाजी निवडत असताना मी ती पूर्ण गुणगुणले. कुठेही अडले नाही.

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ही वाजवली? तितं?"

"हो."

"ही पाठवणीची हाय, बाई. नवरी गाडीत बसतीया न्हवं, तवाची. हिला ढोल न्हाय, ताशा न्हाय, कायबी न्हाय. येकटं क्लॅरनेट. माज्या बानं बशिवलेली हाय. बाकीच्यांनी वाद्यं खाली घ्यायची आन् गप उभं ऱ्हायचं. वाजवायचं न्हाय, पर हलायचं बी न्हाय. गाडी दिसंनाशी होस्तवर."

"आणि त्यानंतर?"

"त्येच्यानंतर काय? वाद्यं पिशवीत. पाठवणी झाली की बँड वाजत न्हाय. कुणी बी वाजवत न्हाय, कुटल्या बी गावाला. येकदा नव्या पोरानं खुळ्यावानी नाचाचं गानं सुरू केलतं. माज्या बानं त्येच्या तोंडातलं वाद्य काढून घेतलं, आन् परत त्येला बँडात उभं केलं न्हाय. गेलेल्या पोरीला मागं वडल्यागत हुतंय त्ये."

मी म्हटलं, "मी वाजवलं."

"कळलं मला," ते म्हणाले. रागाने नाही. चहा आला होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तुमाला काय ठावं? तुमच्यात पानावर हाय त्ये वाजवत्यात."

मी विचारलं की मग तिने कुणाची पाठवणी वाजवली.

"सोताचीच की. जूनला गोव्याला चाललीया न्हवं, त्या संगीताच्या कालेजात. चार वर्सं. जानेवारीतच पत्र आलंय." मग ते थांबले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. ते मान वर करून छताकडे ओरडले, "सांगितलं न्हाईस व्हय गं ह्यास्नी?"

वर काहीतरी पडलं. बहुतेक डबा असावा.

"मांजार हाय," तुझे वडील म्हणाले.

मी चहा संपवला आणि खांद्याचं पॅड त्यांच्याकडे दिलं. परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. रस्ताभर ऊसतोड चालू होती. पाचट पेटवलेलं होतं, धूर शेतांवर सपाट पसरला होता आणि त्यातून बैलगाड्या जात होत्या, चाकं न दिसता. संकेश्वर ओलांडेपर्यंत मी तुझ्यावर रागावलेली होते. जानेवारीत पत्र आलं. त्यानंतर आपण पाच रविवार एकत्र बसलो. त्यातला कुठलाही रविवार सांगायला चालला असता.

निपाणीच्या पुढे राग राहिला नाही. तू सांगितलं होतंस. फक्त मला त्या भाषेतलं काही येत नव्हतं.

आता चौथ्या क्रमांकातल्या "मी थांबले"बद्दल. वीज गेली तेव्हा माझे हात थांबले. उजवा पाय पेडलवर होता. तो मी उचलला नाही. पियानोचं उजवं पेडल दाबून ठेवलं की तारांवरच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या वर उचललेल्या राहतात आणि सगळ्या तारा मोकळ्या होतात. मग शेजारी कुणी स्वर लावला तर त्या स्वराची तार आपोआप कापायला लागते. तू वाजवत होतीस ते सगळं पियानो हलक्या आवाजात पुन्हा म्हणत होता. पहिल्या रांगेतल्या काकांना जो घुमारा ऐकू आला, तो हॉलचा नव्हता. त्या हॉलला घुमारा नाही. वर पत्रा आहे.

सुरुवातीला पाय तिथे राहिला तो केवळ राहिला म्हणून. नंतर मी तो मुद्दाम ठेवला. पोटरीत गोळा आला तरी ठेवला. तुला वाटलं असेल की मी तुला अंधारात एकटं सोडलं. मी हलले नव्हते.

हे मी तुझ्या वडिलांना सांगितलं नाही. तुला सांगायचं होतं.

त्रिशला


कोल्हापूर
गुरुवार, ६ मार्च

संयोगिता,

काल तुझं पार्सल मिळालं. एसटीने पाठवलेलं, आत फक्त सोनाटाचं माझ्याकडचं व्हायोलिनचं पुस्तक, जे तुझ्या केसमध्ये राहिलं होतं. मी प्रत्येक पान उलटून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. पुस्तकाला चिंचेचा वास येतो आहे. तुझ्या वडिलांनी बांधलं असेल.

एक गोष्ट राहिली आहे. दिवे आल्यावर मी पुढे का वाजवलं, हे तू विचारलं नाहीस आणि मीही लिहिलं नाही.

दिवे आले तेव्हा लोक माझ्याकडे बघत होते आणि माझा चेहरा तयार नव्हता. समोर पान होतं. मला काहीतरी लिहिलेलं हवं होतं. हे एक कारण झालं, आणि ते खरं आहे.

दुसरं असं. ती चाल मला माहीत नव्हती, पण ती निघाली आहे एवढं कळत होतं. कुणी निघालं की पावलांचा आवाज जसा कमी कमी होतो तसा व्हायोलिनवरचा तुझा बो हलका होत होता. मला ते चालणार नव्हतं. तू जिथून गेलीस तिथे मी तुला परत बोलावलं. तुझे वडील म्हणाले ना, मागे ओढल्यासारखं होतं. तसंच होतं ते. अजाणता झालं असं मी सगळ्यांना सांगू शकते. तुला नाही.

आता मला एवढंच म्हणायचं आहे की तू गोव्याला जावंस. तुझा डावा हात आता माझी साथ पुरते त्याच्या पुढे गेला आहे, हे मला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू पुढचं शिक्षण शोधायला लागली असतीस. तू न बोलता शोधलंस. आपण दोघी सारख्याच निघालो.

वारणानगरबद्दल मगदूम सरांशी काल बोलणं झालं. कार्यक्रमपत्रिका मी अशी सुचवली आहे: आधी सोनाटा, तिन्ही भाग. मग शेवटी तू एकटी. काय वाजवायचं ते तू ठरव. पत्रिकेत त्या जागी फक्त तुझं नाव असेल. मी पियानोवर बसलेली असेन आणि माझे हात मांडीवर असतील.

त्यानंतर काहीही होणार नाही असं मी त्यांना सांगितलं. तर ते म्हणाले, "आणि आभारप्रदर्शन?"

मी म्हटलं, "ते आधी उरका."

"अहो बाई, आभार शेवटीच असतात! चेअरमनसाहेब बसलेले असणार. हार-नारळ आहे, राष्ट्रगीत आहे."

"सगळं आधी घ्या. तिच्यानंतर कुणीही माईक धरायचा नाही. चेअरमनसाहेबांनीसुद्धा नाही."

"लोकांना कळणार कसं की संपलं?"

"कळेल," मी म्हटलं. "ती निघून जाईल."

 मग ते म्हणाले, "तुमच्या कोल्हापूरकरांचं काय सांगता येत नाही बुवा." पण तयार झाले. राष्ट्रगीताने सुरुवात करतो म्हणाले.

तुला माझ्याबरोबर वाजवायचं नसेल तर तसं लिही. मी वाईट वाटून घेईन, पण तो माझा प्रश्न आहे. मिरजेला एक पियानो वाजवणारे गृहस्थ आहेत, ते येतील, मी विचारून ठेवलं आहे. तेव्हाही वारणानगरचा पियानो आदल्या दिवशी जाऊन मीच लावीन. तो मी पाहून आले आहे. मधल्या तारा उतरल्या आहेत, बाकी बरा आहे. सभागृहाच्या मागे साखर कारखान्याची चिमणी दिसते, आणि संध्याकाळी गाळपाचा एक सलग आवाज येत राहतो, फार खालचा, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा. तो स्वर कुठला आहे ते मी पाहिलं. सांगत नाही. तुला तो स्वतः शोधायला आवडेल.

पत्रिका छापायला मंगळवारी, १८ मार्चला जाणार आहे. तू वाजवणार आहेस की नाही, आणि वाजवणार असशील तर साथीला मी की मिरजेचे गृहस्थ, एवढ्या दोन गोष्टी हव्या आहेत. पोस्टकार्ड चालेल. वडिलांच्या फोनवरून निरोप चालेल.

कृपया सोमवार, १७ मार्चपर्यंत कळव.

त्रिशला